पूर्वेचं दार

हौशीरामाच्या घराचं दार पूर्वेला होतं. ही गोष्ट पंचक्रोशीत ज्याला माहीत नव्हती, तो एक तर ठार बहिरा असावा, नाही तर हौशीरामाच्या तावडीत अजून सापडलेला नसावा!

खोडदच्या अलीकडे वरचा मळा म्हणून एक वस्ती आहे. तिथे हौशीरामाने चार वर्षांपूर्वी स्लॅबचं घर बांधलं. रस्ता जातो तो घराच्या दक्षिणेकडून. कुणाही शहाण्या माणसाने रस्त्याकडे दार ठेवलं असतं. गवंड्याने तसं सांगितलं, धाकट्या भावाने सांगितलं, बायकोने तर हात जोडले. पण हौशीरामाने सगळ्यांना एका वाक्यात गप्प केलं.

"दक्षिनंला दार? यमाला काय रोज जेवायला बोलवायचंय का?"

झालं! दार पूर्वेला बसलं आणि रस्त्याला घराची नुसती आडवी भिंत लागली. रस्त्यावरून येणाऱ्याने आधी गोठ्याला वळसा घालायचा, मग उकिरड्याच्या कडेकडेने चालायचं, मग मोरीचं पाणी जिथे साचतं तिथे टाकलेल्या दगडांवरून टणाटण उड्या मारायच्या, की आलं पूर्वेचं दार! तिथवर पोचणाऱ्या माणसाची चप्पल एक तर तुटलेली असे, नाही तर शेणाने माखलेली. हौशीरामाची बायको कुशाबाई डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन चार वर्षं ही प्रदक्षिणा घालत होती.

"सकाळी दार उघडलं की उन्हाबरूबर लक्षुमी घरात शिरती!" हौशीराम पाहुण्यांना सांगे.

"शिरती म्हनं!" आतून कुशाबाईचा आवाज येई. "उकिरड्यावर पाय घसरून पडली नाय म्हंजी मिळवली!"

हौशीराम असल्या बोलण्याकडे दुर्लक्ष करी. मोठ्या माणसांना घरातून कधी साथ मिळत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आणि मग तो दिवस आला, ज्याच्यासाठी हे दार बसवलं असं हौशीरामाला मनापासून वाटलं. त्याच्या धाकट्या भावाचं, भरतचं, लग्न जमत आलं. भरत चाकणला कंपनीत होता, पोरगा सरळ होता, पण दोन वर्षं स्थळं येत होती आणि चहा पिऊन जात होती. या वेळी मात्र मंचरची आरती त्याला आवडली, तिलाही तो आवडला. राहिलं फक्त मुलीकडच्यांनी घर बघून जाणं. आरतीचे वडील भिमाजीशेठ म्हणजे कांदा-बटाट्याचे बडे आडते. टीव्हीवर वास्तुशास्त्राचे कार्यक्रम बघूनबघून त्यांनी स्वतःच्या घराचा जिना दोनदा पाडला होता. त्यांनी निरोप पाठवून एकच प्रश्न विचारला होता. जमीन किती, पाणी किती, काही नाही. फक्त, "घराचं दार कोणत्या दिशेला?"

हा प्रश्न ऐकून हौशीरामाचे डोळे भरून आले. चार वर्षांत प्रथमच कुणीतरी हे आपणहून विचारलं होतं! "पूर्वेला!" त्याने उलट निरोप धाडला. "खोटं निघालं तर मिशी उतरवीन!"

आता इथे शाळा मध्ये आली. शाळेने मध्ये यायचं काही कारण नव्हतं, पण आली.

हौशीरामाची लेक हर्षाली वस्तीवरच्या शाळेत तिसरीला होती. त्या आठवड्यात तिसरीला दिशा शिकवायच्या होत्या. शिकवणारे फुलारी गुरुजी सोलापूरकडून बदलून येऊन पंधरा दिवस झाले होते, आणि ते आल्यापासून पावसाने उसंत दिली नव्हती. पुस्तकात लिहिलेलं, 'उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा.' श्रावणातला सूर्य ढगाआड असा बसलेला, की तो उगवला की मावळला तेही कळेना! पण गुरुजी हुशार. सोमवारी सकाळी त्यांनी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना पूर्व विचारली. मावशींनी उलथन्यानेच दाखवली. गुरुजींनी तिकडे पाहिलं, तर बाजरीच्या शेतापल्याड दुर्बिणीची ती भली थोरली तबकडी, तोंड बरोबर त्याच दिशेला कलतं करून उभी!

ही तबकडी म्हणजे आकाशातले आवाज ऐकणारा, दोन-चार माड्यांच्या घरापेक्षा उंच असा जाळीचा कान. वस्तीत कुठूनही दिसते. गुरुजी खूश झाले.

"मुलांनो, सूर्य नसला तरी अडू द्यायचं नाही! ती तबकडी पाहा. तिचं तोंड पूर्वेला आहे. तिचं तोंड जिकडे, तिकडे आपणही तोंड करायचं. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण! घरी जाऊन आपापल्या दाराची दिशा शोधा."

मुलांनी शोधली. त्याचा बोभाटा गुरुवारी झाला.

गुरुवारी दुपारी भिमाजीशेठ पत्नी साळुबाईंना घेऊन जीपमधून उतरले. जीप थांबली रस्त्यावर, म्हणजे घराच्या बिनदाराच्या भिंतीपाशी. हौशीराम फेटा सावरत सामोरा गेला आणि पाहुण्यांना प्रदक्षिणेला घेऊन निघाला. भिमाजीशेठ गोठ्यापाशी म्हशीची शेपटी तोंडावर घेऊन पुढे सरकले. साळुबाईंचा पाय मोरीच्या दगडावरून सटकला आणि नव्या साडीसकट घोट्यापर्यंत चिखलात गेला.

"जपून हां, पावणं!" हौशीराम म्हणाला. पाय आत गेल्यावर म्हणाला, पण म्हणाला.

साळुबाईंनी पाय धुतला, पदर सावरला आणि त्या पाटावर बसल्या. कुशाबाईने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी कुशाबाईकडे पाहिलं. दोघींमध्ये काय बोलणं झालं ते पुरुषांना कळलं नाही.

पोहे झाले, चहा आला. इस्त्रीच्या शर्टात भरत अंग चोरून बसला होता. भिमाजीशेठ समाधानाने चौकटीकडे बघत म्हणाले, "दार पूर्वेला, न्हाई का?"

"नाकासमोर पूर्वेला!" हौशीरामाने मांडी ठोकली. "आमच्या घरातलं शेंबडं पोर सांगंल!"

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. भिमाजीशेठांनी कोपऱ्यात पाटीवर रेघोट्या मारत बसलेल्या हर्षालीला हाक मारली.

"काय गं बाळ, या आठवड्यात शाळंत काय शिकवलं?"

"दिशा!"

"आरं वा! मग तुमच्या घराचं दार कोणत्या दिशेला, सांग बरं."

हौशीराम कौतुकाने लेकीकडे पाहू लागला. भरतनेही मान वर केली.

"दक्षिणेला!" हर्षाली खणखणीत आवाजात म्हणाली.

कुठेतरी कुणाच्या तरी हातातली बशी वाजली.

"आगं ए! नीट सांग!"

"नीटच सांगतीय, आप्पा! मी सोताऽ अंगणात हुबी ऱ्हाऊन बघितलंय. गुरुजींनी शिकवलं तसंच!"

भिमाजीशेठांनी चहाचा कप खाली ठेवला. अर्धा भरलेला कप पाहुण्याने खाली ठेवणं म्हणजे काय, हे स्थळं फिरलेल्या घरांना विचारा! भरतचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट झाला.

"पावणं, पोरगी चुकली!" हौशीराम तडकून उठला. "आवो, चार वर्सं मी या पूर्वेपायी उकिरडा तुडवतोय! बायकोच्या शिव्या खातोय! आन ही काल शाळंत गेल्याली कार्टी..."

"हौशीराम," भिमाजीशेठ शांतपणे म्हणाले, "मोठं मानूस आपल्या घराबद्दल खोटं बोलतं. ल्हान लेकरू न्हाई बोलत."

हौशीरामाचा हात आपोआप मिशीवर गेला. अन्याय झाला की माणसाचं डोकं चालत नाही, फक्त आवाज चालतो. त्याने बाहेर धाव घेतली आणि शेजारच्या बहिरूला साक्षीला ओढून आणलं. बहिरूचं घर हौशीरामाच्या घराला लागून, दोन्ही दारांची तोंडं एकाच बाजूला. फक्त बांधावरून दोघांचं गेल्याच महिन्यात वाजलं होतं, हे हौशीराम रागाच्या भरात विसरला.

"बहिरू, सांग पावण्यांस्नी! आपली दारं कुनीकडं?"

बहिरूने डोकं खाजवलं. "आता कसं सांगू, भाऊ? मी आपलं तू म्हन्तोस म्हनून पूर्वच म्हनत व्हतो. पन आमच्या गोरखनं काल घरी येऊन सांगितलं, की दार उत्तरंला हाय."

"उत्तरंला?"

"शाळंत शिकवलंय म्हनं. आता शाळंपरीस तू शाना का?"

भिमाजीशेठ दारात गेले. त्यांनी एकदा या घराकडे पाहिलं, एकदा त्या घराकडे. "घराला घर लागून, तोंडं एकीकडं. एकाचं दक्षिन, एकाचं उत्तर! आवो, हे गाव हाय का भोवरा?"

"चला शाळंत!" हौशीराम गरजला. "त्या मास्तरलाच इचारतो! सरकार काय पूर्व-पश्चिमा इकायला लागलंय का?"

मग वरात निघाली. पुढे फेटा सुटलेला हौशीराम, मागे हर्षालीचा हात धरून भिमाजीशेठ, त्यांच्या मागे चिखलाच्या साडीत साळुबाई, मग हातात पोह्यांची ताटली तशीच घेऊन कुशाबाई, आणि सगळ्यात शेवटी भरत. स्वतःच्या लग्नाच्या मागे असा चाललेला नवरदेव कुणी पाहिला नसेल. वाटेत जो भेटेल तो विचारी, आणि विचारून सोबत येई. शाळा येईपर्यंत कळलं, की एका पोराने मारुतीच्या देवळाचं दार पश्चिमेला काढलं होतं आणि त्याची आजी तेव्हापासून अन्नाला शिवली नव्हती!

शाळेच्या पटांगणात पाऊस थांबलेला बघून गुरुजींनी वर्ग बाहेर काढला होता. तिसरीची पोरं हात पसरून रांगेत उभी. गुरुजी त्यांच्यासमोर, तबकडीकडे पाठ करून. हर्षाली भिमाजीशेठांच्या हातातून सुटली आणि पळत जाऊन रांगेत उभी राहिली. शाळा म्हणजे शाळा! पाहुण्यांच्या नादाने तिचा अर्धा दिवस आधीच बुडाला होता.

"मास्तर!" हौशीराम ओरडला. "माज्या घराची दिशा कुनी फिरवली?"

फुलारी गुरुजी सभ्य माणूस. एवढी गर्दी पाहून त्यांना आधी वाटलं, आपला सत्कारच आहे. मग हौशीरामाचे डोळे दिसले. "अहो, बसा तरी! काय झालं?"

"बसतो कशाला? पोरीनं माजं दार दक्षिनंला न्हेऊन ठेवलं! भावाचं लगीन मोडायला आलंय!"

"हर्षाली? अहो, ती तर वर्गातली हुशार मुलगी! ती चुकणार नाही." गुरुजींनी मागे न बघताच पाठीमागे बोट दाखवलं. "ती तबकडी बघा. तिचं तोंड पूर्वेला. आता तुम्हीच हात पसरून उभे राहा, लगेच कळेल. या, या, शेठ!"

भिमाजीशेठ रांगेत उभे राहिले. एवढा मोठा आडता हात पसरून उभा राहिल्यावर बाकीच्यांना राहवेना. बहिरूने हात पसरले, मारुतीच्या देवळावरून उपाशी असलेल्या आजींनी पसरले, हौशीरामानेही रागारागाने पसरले. पोरं ठेक्यात म्हणू लागली, "समोर पूर्व! मागे पश्चिम!"

आणि तबकडी हलली.

बाजरीच्या पल्याड ते अवाढव्य तोंड सावकाश, ऐटीत वळायला लागलं. तिसरीची पोरं शिस्तीची. तबकडी जशी वळली तशी तीही वळली. "समोर पूर्व! मागे पश्चिम!" पोरं वळली म्हणून भिमाजीशेठ वळले, शेठ वळले म्हणून बहिरू वळला. सगळं पटांगण हात पसरून हळूहळू गरगरायला लागलं! गुरुजींना आधी पोरांची तोंडं दिसत होती, मग कान दिसले, मग नुसत्या वेण्या आणि शेंड्या दिसायला लागल्या.

"अरे, पाठ काय दाखवता? समोर बघा!"

"समोरच बघतोय, गुरुजी! पूर्व तिकडं चाललीय!"

गुरुजींनी शेवटी मान वळवून मागे पाहिलं. त्यांच्या हातातला खडू गळून पडला.

"ती... ती फिरते?"

"आवो, जलमापासून फिरती!" अख्खी गर्दी एका आवाजात म्हणाली. "तारे बघाया फिरती ती! येकदा इकडं, येकदा तिकडं! तुमी बघितली तवा कुनीकडं व्हती, कुनाला ठावं!"

"मला काय माहीत!" गुरुजी कळवळून म्हणाले. "सरकारी वस्तू, आणि ती जागची हलते! मी आजवर अशी पाहिली नव्हती हो!"

खरं सांगायचं तर या उत्तरावर रागावणं कुणालाही जड गेलं असतं. पण हौशीराम रागावला. राग एवढा पेटवून इथवर आणल्यावर वाया कसा घालवायचा? तो लेकीवर उलटला.

"तुला ठावं व्हतं ना गं, ती फिरती ते? मग बोलली का न्हाईस?"

"ठावं व्हतं की!" हर्षाली हात पसरूनच म्हणाली. "पन गुरुजी म्हनले, तिचं त्वांड पूर्वेला. मला वाटलं, ती फिरली की पूर्वबी फिरत आसंल."

गुरुजी मटकन खाली बसले.

भिमाजीशेठांनी पसरलेले हात खाली घेतले. "म्हंजी हिचं बी खरं न्हाई, गुरुजींचं बी खरं न्हाई. आन हौशीराम, तुमचं खरं कशावरून?"

आणि त्या क्षणी, पंधरा दिवस तोंड न दाखवलेला सूर्य ढग फाडून बाहेर आला! दिवस कलायला लागला होता. पटांगणभर सावल्या पडल्या.

"हे बघा!" हौशीराम नाचायचाच बाकी राहिला. "चार वाजून गेलं! दिस मावळतीला! मावळतीचं ऊन पाठीवर घ्या, सावली पडंल ती पूर्व! बघा कुनाला बी इचारून! त्या सूर्याचा मी काय मामा लागतो?"

वरात उलट फिरली. गोठा, उकिरडा, मोरीचे दगड! साळुबाईंचा या खेपेला दुसरा पाय चिखलात गेला. घरामागून ऊन येत होतं आणि घराची सावली बरोबर दारासमोरच्या अंगणात पडली होती. दार पूर्वेला होतं! नाकासमोर पूर्वेला! हौशीरामाने चौकटीवर हात ठेवला. चार वर्षं लोक हसले, आज सूर्याने साक्ष दिली. भिमाजीशेठांनी फेटा काढून त्या दाराला नमस्कार केला.

"पटलं, पावणं! मुलगी दिली!"

भरत पहिल्यांदा हसला.

"थांबा," साळुबाई म्हणाल्या.

दुपारपासून त्यांचा हा पहिला शब्द. सगळे थांबले. साळुबाई चिखलाने भरलेले दोन्ही पाय पुढे करून ओट्यावर उभ्या होत्या.

"दार पूर्वेला हाय, कळलं. सूर्याला यायला लई सोयीचं हाय. पन माजी आरती काय सूर्य हाय का? ती रस्त्यानं येनार. डोक्यावर हंडा, उद्या काखंत लेकरू, आन रोज म्हशीच्या शेपटाखालून ह्यो वळसा? रस्त्याकडं दार पाडा. मग लगीन."

"आगं, पन रस्ता दक्षिनंला..." भिमाजीशेठांनी तोंड उघडलं.

"तुमी गप बसा! तुमच्या वास्तूपायी आपल्या घरात चूल न्हाणीला येऊन चिकटलीय! पूर्वेचं दार देवाला ऱ्हाऊ द्या. मानसांना दक्षिनंचं करा."

"न्हाई!" हौशीराम कडाडला. "जीव गेला तरी न्हाई! माज्या घरात यमाचं दार..."

त्याने मागे वळून पाहिलं. भरत पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता आणि वर बघत नव्हता. पोरगा दोन वर्षं थांबला होता. दादापुढे एक शब्द बोलणारा नव्हता, आणि आजही बोलणार नव्हता. हौशीरामाला ते फार लागलं. सूर्याच्या साक्षीने जिंकून भावाशी हरायचं म्हणजे काय जिंकलं?

"बरं, बघू," तो म्हणाला.

"बघायचं काय त्यात?" कुशाबाईचा आवाज आला. गोठ्यातली पहार तिच्या हातात कधी आली ते कुणी पाहिलं नाही. तिने पोह्यांची ताटली नवऱ्याच्या हातात दिली आणि रस्त्याकडच्या भिंतीवर पहिला घाव घातला. चार वर्षांचा घाव होता, पहिल्याच दणक्याला दोन विटा हलल्या!

मार्गशीर्षात लग्न झालं. आरती घरात आली ती दक्षिणेच्या नव्या दारातून, माप ओलांडून, स्वच्छ पायांनी. फुलारी गुरुजींनी पुण्याहून होकायंत्र आणलं आणि वर्गाला दिशा पुन्हा पहिल्यापासून शिकवल्या. घरातली माणसं, पाहुणे, दूधवाला, पोस्टमन, सगळे दक्षिणेच्या दाराने येऊ-जाऊ लागले. पूर्वेच्या दाराशी कांद्याच्या गोण्यांची थप्पी लागली. हौशीराम मात्र मानी माणूस. तो एकटा गोठ्याला वळसा घालून, उकिरडा तुडवून, गोण्या सरकवून पूर्वेच्याच दाराने आत येई. "तत्त्व हाय!" म्हणे. अख्खी वस्ती हसे. तो हसणाऱ्यांकडे बघतही नसे.

पुढच्या श्रावणात एका दुपारी असा काही पाऊस कोसळला, की उकिरडा सगळा वाटेवर आला. हौशीराम रस्त्यावर भिजत उभा राहिला. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कुणी नव्हतं. तो मांजराच्या पावलाने दक्षिणेच्या दारातून आत शिरला.

आत हर्षाली दप्तर पुसत बसली होती.

"आप्पा! ह्ये दक्षिनंचं दार हाय!"

हौशीरामाने डोक्यावरचं पोतं काढून झटकलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "आसंल बाई. आभाळ भरलंय. आशा दिसांत मानसाला दिशा कुठं कळतीय?"